बिचारा पाहुणा

कर्णबधिर मुलांच्या त्या निवासी शाळेत कागदावरच्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. बोटांनी एकेक अक्षर करत बसायला वेळ कुणाला? ज्याची जी खूण, तेच त्याचं नाव. एकाच्या हनुवटीला खड्डा, म्हणून तो खड्डा. दुसरा लहानपणी सारखं नाक पुसायचा. पुढे त्याला मिसरूड फुटलं, नाकही कोरडं ठणठणीत झालं, तरी तो शेंबडाच राहिला. आणि जिची ही गोष्ट, ती भुवई. एखादी गोष्ट पटली नाही की तिची डावी भुवई एकटीच वर चढायची.

शाळेत आली तेव्हा तिच्याजवळ भाषा म्हणून काही नव्हतीच. घरी ये, जा, जेव, नको, एवढ्यावर कारभार चालायचा. पहिल्या दिवशी तिला जेवणघरात नेऊन बसवलं, तर पोरगी ताटाकडे बघेचना. समोर शंभरेक हात बोलत होते. कुणी चेष्टा करतंय, कुणी चुगली करतंय, कुणी रुसलंय, आणि तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण हे बोलणं आहे एवढं मात्र कळलं. वर्ष सरायच्या आत ती इतकी बडबडी झाली, की जेवताना हात मोकळे राहत नाहीत म्हणून ती शेवटी एकटीच ताटावर उरायची आणि स्वयंपाकाच्या मावशी डाव आपटून तिला दटावायच्या.

शनिवारी दुपारी मंडळं भरत. बागकामाचं मंडळ, बुद्धिबळाचं, भित्तिपत्रकाचं आणि नाटकाचं. सभा सुरू करायची तर दिव्याचं बटण खालीवर करायचं, तरी कुणी बघेना तर लाकडी फरशीवर पाय आपटायचे. मतदान हात वर करून होई, आणि सगळे हात वर गेले की तेवढा वेळ सभागृह खरोखर चिडीचूप होई. भांडणं, रुसवे, कुणाचं कुणावर मन बसलंय, सगळं मंडळांतच चाले. भिंतींना कान असतात म्हणतात. इथल्या भिंतींना डोळे होते. खिडकीपलीकडे उभं राहून कुणी हळूच काही सांगितलं, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या वसतिगृहाला ठाऊक.

नाटक मंडळाची प्रमुख भुवई, आणि तिच्या सावलीसारखी वेणी.

वेणी उशिरा आली होती. तापात तिचे कान गेले, पण तोवर ती चांगली बोलायला शिकली होती. यंत्र लावलं की थोडंफार ऐकूही यायचं. मुलांनी सुरुवातीला तिला वाळीतच टाकलं. ‘बोलकी आहे, बाहेरच्यांची माणूस,’ म्हणायचे. भुवईनेच तिला आपल्या शेजारच्या पलंगावर आणलं, हात धरून एकेक खूण शिकवली, चुकली की हसली आणि दुसरं कुणी हसलं की त्याच्या अंगावर धावून गेली. मग बाजारात दुकानदाराशी वेणी बोलायची, भुवईच्या आईला फोन वेणी लावायची. “ही माझं तोंड, मी हिचे हात,” असं भुवई सगळ्यांना सांगत फिरे.

शेवटून दुसऱ्या वर्षी भुवईने स्वतः एक नाटक रचलं. नाव ‘बिचारा पाहुणा’. एक गाव असतं, तिथे सगळेच हातांनी बोलतात. तिथे वाट चुकून एक ऐकू येणारा माणूस येतो आणि नुसते ओठ हलवत राहतो. गावाला त्याची फार दया येते. “अरेरे, धडधाकट हात आहेत, पण बोलता येत नाही!” वैद्य येतो, बॅटरी मारून त्याचे तळहात तपासतो, बोटं ओढून बघतो. म्हाताऱ्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. कुणी जुने कपडे देतं, कुणी त्याच्यासोबत फोटो काढून घेतं. शेवटी एक बाई त्याला खुणा शिकवते आणि सगळं गाव गोळा होतं, पाहुणा पहिलं वाक्य काय बोलणार म्हणून. पाहुणा बोलतो, “भूक लागली आहे.” पडदा.

आजवर मुलांनी जे जे सोसलं होतं, ते सगळं उलटं करून त्यात भरलं होतं. तालमीत पोरं हसून हसून जमिनीवर लोळायची. पाहुण्याचं काम भुवईच करायची, कोळशाने झुपकेदार मिशी काढून.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एकदा तालीम बघून गेल्या. त्यांना खुणा बेताच्याच कळायच्या. त्यांनी वेणीला बाजूला घेऊन सगळं समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी वेणी सांगत आली, “स्नेहसंमेलनाला नाटक होणार. मी माइकवरून बोलायचं. पालकांना, पाहुण्यांना कळायला नको का?”

भुवई आनंदाने उडालीच. तिने वेणीकडून एकेक वाक्य पाठ करून घेतलं. मग रोज तालमीच्या वेळी वेणी कोपऱ्यात बसून ओठ हलवायची. भुवई मधेच विचारायची, “नीट येतंय ना?” वेणी मान डोलवायची. त्या खोलीत ऐकू येणारे एकटे चित्रकलेचे सर. सरांचे आईवडील बहिरे, त्यामुळे सरांचे हात मुलांइतकेच सफाईदार. मोठ्या माणसांत मुलांनी जीव लावला होता तो त्यांनाच. सरही तिथेच पडदे रंगवत बसलेले असायचे.

संमेलनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. विंगेत वेणीने ओल्या रुमालाने भुवईची मिशी पुसून टाकली.

“हे काय?”

“चेहरा दिसत नाही गं तुझा. अशीच छान दिसतेस.”

नाटक सुरू झालं. मागच्या बाकांवर शाळेतली मुलं पोट धरून हसत होती. पुढच्या रांगांत मात्र कुणाचे दात दिसेनात. वैद्य तळहातावर बॅटरी मारतो, तिथे एका बाईंनी पर्स उघडून रुमाल काढला. हसून डोळ्यांत पाणी आलं असेल, असं भुवईला वाटलं. शेवटचं वाक्य झालं आणि सगळे उभे राहिले. प्रमुख पाहुण्यांनी भुवईच्या डोक्यावरून हात फिरवला. आईने तिला असं घट्ट धरलं, की सोडायलाच तयार नाही. आईने असं कधी धरलं नव्हतं. त्या मिठीच्या जोरावर भुवई सुट्टी लागेपर्यंत हवेत होती.

सुट्टीत दोघी बहिणी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. धाकटी ऐकू येणारी, पण ताईकडून खुणा शिकलेली, मोडक्यातोडक्या का होईना.

“ताई, ते मुक्या मुलीचं नाटक पुन्हा करून दाखव ना.”

“कुठली मुकी मुलगी?”

“तू झाली होतीस ती. वाट चुकलेली. गावातले लोक किती चांगले असतात, डॉक्टर तपासतात, कपडे देतात, मग बाई तिला शाळेत नेतात.”

भुवईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “आणि शेवटी मी काय म्हणते?”

धाकटीने आठवून आठवून सांगितलं, “आई, मी तुझ्यावर ओझं झाले, मला माफ कर. या शाळेनं मला माणूस केलं.” मग हसून म्हणाली, “आई तेव्हा काय रडली!”

वेणीने मिशी का पुसली, ते भुवईला त्या क्षणी कळलं. मुक्या मुलीला मिशी कशी चालेल?

ती तशीच आईपुढे जाऊन उभी राहिली. धाकटीला मध्ये घेऊन तिने सगळं विचारलं. आई गोंधळली. “अगं, पण छानच झालं होतं की. सगळे रडले.”

“मी ते म्हटलंच नव्हतं. ओझं असं मी कधी म्हटलं?”

“मला काय माहीत? तुझे हात मला कुठे कळतात?” आई सहज बोलून गेली. धाकटीने तेही सांगून टाकलं. पोर ती, काय गाळावं हे तिला कुठलं कळायला.

शाळा उघडली त्याच दिवशी भुवईने वेणीला गच्चीवर गाठलं. दोरीवर चादरी वाळत होत्या. वेणीने तिचा चेहरा बघितला आणि नाकबूल करायच्या भानगडीत पडली नाही.

“मोठ्या बाई नाटक बंद करणार होत्या. पाहुण्यांची टर उडवणारं नाटक पाहुण्यांपुढे चालणार नाही म्हणाल्या. हात तेच राहू देत, गोष्ट बदल म्हणाल्या. मी वाचवलं तुझं नाटक.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू केलंच नसतंस.”

“रोज विचारत होते मी. नीट येतंय ना? तू मान हलवायचीस!”

वेणीचे हात एकदम सुटले. “बाहेर आपल्याबद्दल काय बोलतात ते मला ऐकू येतं. तुला नाही. दुकानात तू शेजारी उभी असतेस आणि तो काय म्हणतो, ते मी तुला कधी सांगितलंय? लोकांना आपली कीव आली तरच ते आपल्याकडे बघतात.”

“म्हणजे आजवर जे सांगत आलीस, ते सगळं…” भुवईला पुढे विचारवेना. दुकानातलं बोलणं, आईचे फोन, बाईंचे निरोप. त्यातलं खरं किती आणि वेणीच्या पदरचं किती? इतक्या वर्षांच्या मैत्रीत हात घालावा आणि काही हाताला लागू नये, तसं तिला झालं. “आणि सर?”

“सर तिथेच होते ना,” वेणी म्हणाली. “त्यांना सगळं ऐकू येत होतं.”

सर वर्गात ब्रश धूत होते. त्यांनी ऐकून घेतलं. “मलाही बरं वाटलं नाही,” ते ओल्या हातांनी म्हणाले. “पण शाळा चालायला हवी. मोठी झालीस की कळेल.” आणि त्यांनी खिडकीबाहेर नजर वळवली. ऐकणाऱ्या माणसाने तोंड फिरवलं तरी त्याच्याशी बोलता येतं. बहिऱ्या पोरीपुढे नजर वळवली, की तिचं बोलणंच संपतं. सरांना हे कुणी शिकवायला नको होतं. भुवई बराच वेळ हात वर धरून उभी राहिली. सर वळले नाहीत.

शनिवारी तिने मंडळाची सभा बोलावली आणि सगळं सांगितलं. आता ही पोरं पेटून उठणार, असं तिला वाटलं होतं. थोडी पेटलीही. शेंबड्याने तर खुर्ची आपटली. पण खड्डा उठून म्हणाला, “मग बिघडलं काय? टाळ्या तर मिळाल्या. माझे बाबा पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात टाकून चालले.” बऱ्याच माना हलल्या. पुढच्या वर्षी माइक ठेवायचा की नाही, यावर मत घेतलं. हात वर गेले. भुवईला मोजायची गरज पडली नाही. तिने प्रमुखपण सोडलं, त्या जागी वेणी आली आणि पुढच्या संमेलनाला भुवई जेवणघरात मावशींबरोबर बटाटे सोलत बसली. घरच्यांनी केसाने गळा कापावा तसा तो माइकमागचा घाव होता. पण तिला जास्त लागले ते वर गेलेले हात. ते तर तिचेच होते.

शाळा सुटल्यावर ती गाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्या कारखान्यात लागली. हात चांगला चाले, मालक खूश असे. रविवारी शाळेची जुनी मुलं एका चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत जमत. तो दुकानदारही बहिराच. गप्पा, कॅरम, लग्नं जुळवणं, सगळं तिथे चाले. पण नाटकाचा विषय निघाला, की भुवई चहा करायला उठायची.

शेवटी शेंबड्यानेच हट्ट धरला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि लग्नात त्याला ‘बिचारा पाहुणा’ हवं होतं. “माइक नाही, मिशीसकट,” म्हणाला. भुवईने आढेवेढे घेतले आणि मग केलं.

वेणीही लग्नाला आली होती. आता ती एका कचेरीत दुभाष्याचं काम करत होती. खेळाआधी ती जवळ येऊन म्हणाली, “मुलीकडचे बरेच ऐकणारे आहेत. या वेळी खरं तेच बोलेन. शपथ.”

“नको,” भुवई म्हणाली. “बस तू. जेवून जा.” परक्या माणसाशी बोलावं तितक्याच नीट बोलली. वेणी थोडी थांबली, मग मागे जाऊन बसली. खरंच तिने खरं सांगितलं असतं, कदाचित. पण ते तपासून बघायला भुवईजवळ कान नव्हते, आणि विश्वास तिने एकदाच टाकला होता.

नाटक झालं. बहिरे हसले. ऐकणाऱ्यांतले काही हसले, काही एकमेकांची तोंडं बघत राहिले, काही उठून जेवायला गेले. भुवईची आई पहिल्या रांगेत होती. ती सारखी धाकटीला कोपराने ढोसत होती, “काय म्हणतेय गं?” धाकटीला ताईने आधीच बजावून ठेवलं होतं, तिने तोंड उघडलं नाही. आई चिडली, मग मुकाट्याने बघत बसली.

घरी परतताना बसमध्ये आईने भुवईच्या दंडाला हात लावला आणि वैद्याचा प्रसंग, बॅटरीसकट, अवघडलेल्या बोटांनी करून दाखवला. मग प्रश्नार्थक मान हलवली.

भुवई थकली होती. तरी तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि आईला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आईला निम्मंही कळलं नाही. घर येईपर्यंत ती बघत मात्र राहिली.