ऑफिसात नाही, वर्गासमोर

मला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकंच सटकतं. येतं मला. थोडं येतं, वाकडंतिकडं येतं, पण जेवढं येतं तेवढं मी स्वतः कमावलंय.

उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात मी धागा कटिंग करते. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे धागे दिवसभर कापायचे. कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक सिंधी बाई राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या. आम्ही त्यांना 'अदी' म्हणतो, सिंधीत बहिणीला तसंच म्हणतात. काम सुटलं की आम्ही चार-पाच जणी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला बसायचो. पण अदीकडे पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही. 'द कॅट इज ऑन द टेबल' म्हटलं की भडकायच्या. "तेरे घर में टेबल है क्या? बिल्ली है? मग कशाला झूठ बोलतेस?" त्या फक्त तुकडा द्यायच्या. बिकॉज ऑफ. इन स्पाइट ऑफ. इन्स्टेड ऑफ. बाकीचं वाक्य आपापल्या घरातून आणायचं, आणि खरं आणायचं.

मग काय, एकेकीच्या घरची लक्तरं अदीच्या हॉलमध्ये. 'बिकॉज ऑफ टँकर, आय ॲम लेट.' 'इन स्पाइट ऑफ सासू, आय ॲम हियर.' सासूला इंग्रजीत काय म्हणतात ते हे वाक्य आणणारीला चांगलं ठाऊक होतं, पण म्हणायची, "मदर म्हणावंसं वाटत नाही हो." अदीनं ते पास केलं. दुसरीनं आणलं, 'अकॉर्डिंग टू मी, नणंद इज व्हेरी स्वीट.' अदी म्हणाल्या, "झूठ. कल दूसरा ला." हसून हसून पोट दुखायचं.

त्याच दिवसांत माझ्या पोरीचं झालं.

पोरगी बदलापुरात इंग्रजी शाळेत आहे, चौथीत. बेलवलीला आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी शाळा. एका दुपारी, मला सुट्टी होती त्या दिवशी, घरी आली ती दप्तर टाकून सरळ मोरीत जाऊन बसली. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. मैत्रिणीशी मराठीत बोलली म्हणून टीचरनं तिला फळ्याजवळ उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, हिच्या घरी कुणाला इंग्लिश येत नाही, म्हणून ही अशी. अख्खा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत जाईना. युनिफॉर्म अंगात घातला की उलटी. एरवी रविवारीसुद्धा शाळा हवी असायची हिला, आणि आता सकाळ झाली की दारामागे लपायची. माझा जीव तुटायचा. आणि संताप तर असा की कामावर कात्री हातात धरवेना.

नवरा अंबरनाथला एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, "जाऊ दे ना. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? उद्या पोरीचे मार्क कापतील."

"अहो, पोरगी शाळेतच जात नाही, मार्क कसले कापतील?"

"मग शेजारच्या काकांना पाठवू. बँकेत होते, फाडफाड इंग्रजी बोलतात."

वा रे वा! पोरगी माझी, घर माझं काढलं, आणि बोलायला काका? मी म्हटलं, मीच जाणार.

हेड मॅडमच्या केबिनमध्ये टीचरही बसली होती. मी मराठीतच सुरुवात केली. हेड मॅडमनी हात वर केला आणि इंग्रजीत गोड आवाजात सांगितलं, की तुमच्या वतीनं इंग्लिश बोलणारं कुणी असेल तर त्यांना पाठवा, नीट चर्चा करू. पण खरं वाक्य शोधायला आज कुठं लांब जायचं नव्हतं.

"नोबडी ऑन बिहाफ ऑफ मी," मी म्हटलं. "आय ॲम मदर. बिकॉज ऑफ धिस टीचर, माय डॉटर व्हॉमिट एव्हरी मॉर्निंग."

टीचर ओठ दाबून हसली. मग मी मराठीवर आले. "हसा बाई, खुशाल हसा. माझ्या वाक्यात चुका आहेत, मला माहितीये. तुम्ही काय केलंत ते आता तुम्ही सांगा."

हेड मॅडमनी टीचरकडे बघितलं. टीचर "सॉरी" म्हणाली. टेबलाकडे बघून, पुटपुटल्यासारखं. "सो, दॅट्स सेटल्ड," हेड मॅडम म्हणाल्या.

कसलं सेटल्ड? "नॉट इन ऑफिस," मी म्हटलं. "इन्सल्ट इन फ्रंट ऑफ क्लास. सॉरी ऑल्सो इन फ्रंट ऑफ क्लास."

मग त्या शिस्तीचं बोलल्या, टीचरच्या मानाचं बोलल्या, आता त्याही मराठीतच. मी विचारलं, "टीचरला मान आहे आणि चौथीतल्या पोरीला नाही?" मी खुर्चीवरून हलले नाही. म्हटलं, शाळा सुटेपर्यंत बसते, उद्या परत येऊन बसते, बसून काम करायचीच सवय आहे मला. बाहेर दुसरे पालक ताटकळत होते. शेवटी हेड मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. उद्या मुलीला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पोरीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतत होती. ती वर्गात गेली, मी दारात थांबले, बाजूला हेड मॅडम. टीचर उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, तुझ्या घराबद्दल मी तसं बोलायला नको होतं, आय ॲम सॉरी.

त्या शाळेत पोरांना शिकवलेलंच आहे, कुणी सॉरी म्हटलं की इट्स ओके म्हणायचं. मागून दोघं-तिघं कुजबुजायलाही लागली. हेड मॅडम म्हणाल्या, "से इट्स ओके, बेटा."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली असती तरी ती म्हणाली असती. मी नाही हलवली.

ती टीचरकडे वळली. "इट्स नॉट ओके, मिस," म्हणाली, आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.