त्र्यंबकरावांचे उपवास

ठाण्यातल्या त्या गिरणीच्या कचेरीत त्र्यंबक फणसळकरांइतके उपास दुसरं कुणी करत नसे. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादश्या आणि चतुर्थ्या. कुणाचं बारसं झालं, बुंदीचे लाडू आले, की फणसळकर हात जोडत. चहा म्हणे काशीला सोडलेला. काशीला ते जन्मात गेले नव्हते.

खरी गोष्ट अशी की त्र्यंबकरावांना मधुमेह होता. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, सरोजला, इन्शुलिनची सुई टोचायला शिकवलं होतं. आणि हे कचेरीत कळलं तर नोकरी संपली, ही भीती काही उगाच नव्हती. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या देवधरांना क्षय झाल्याचं कळलं, तेव्हा आठवडाभरात त्यांचा हिशेब करून त्यांना घरी बसवलं होतं.

तर उपासांनी गुपित झाकलं, पण भलतंच गळ्यात पडलं. लोक त्यांना देवमाणूस म्हणू लागले आणि देवमाणसाला ‘नाही’ म्हणायची सोय नसते. रजेवर गेलेल्यांची कामं आपसूक त्यांच्या टेबलावर येत. उपासाच्या दिवशी दुपारी ते दप्तरखान्यात जाऊन उभ्या उभ्या भाकरी गिळत. पाय बधिर, डोळ्यांपुढे धूसर. रविवारी ते भिंतीकडे तोंड करून पडत आणि सोमवार येऊच नये असं त्यांना वाटे. आजारापेक्षा त्यांना कचेरीचाच वीट आला होता.

त्रेपन्न सालच्या श्रावणात कचेरीत सत्यनारायण ठरला. हेडक्लार्क भाऊ कारखानीस म्हणाले, “पूजेला फणसळकरच बसणार. दुसरा कोण आहे लायक?”

सरोजही यायला निघाली होती. पण ती तिथे काहीतरी बोलून जाईल म्हणून त्यांनी तिला नेलं नाही. सकाळी तिने सुई दिली, ताट वाढलं, तर हे पाटावरून उठलेच.

“आजवर माणसांना फसवलं. आता सत्यनारायणालाही फसवू?”

“अहो, मग सुई कशाला टोचून घेतलीत? पोटात काही नको का?” ती दारापर्यंत मागे आली. ते थांबले नाहीत.

भटजींनी पत्नीच्या जागी सुपारी ठेवली. तिसऱ्या अध्यायाला त्र्यंबकरावांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. सुईने रक्तातली साखर पार उतरली होती आणि समोर तुपातला शिरा होता. एक घास पुरला असता, पण नैवेद्याआधी हात कसा लावणार? ते काहीबाही पुटपुटू लागले.

“अंगात आलंय! देव आलाय!” पोपट शिपाई ओरडला आणि आडवाच झाला. पाठोपाठ सगळे वाकले. भाऊंनी तर चक्क त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. भटजींनी घाबरून पळीपळीने पंचामृत तोंडात घातलं, म्हणून माणूस वाचला.

शुद्ध आली तशी त्यांनी मनाशी ठरवलं, आता सांगून टाकायचं.

“भाऊ, मला खरं म्हणजे...”

“काही बोलू नका,” भाऊंनी हात जोडले. “साहेबांशी बोललोय मी. कल्याणच्या गोदामाचं कामही आता तुमच्याकडेच. तुमचा हात लागला की चिंता नाही.”

“बरं,” त्र्यंबकराव म्हणाले.

संध्याकाळी घरी येऊन ते चपला न काढताच ओट्यापाशी बसले आणि त्यांनी सरोजला सगळं सांगितलं.

“मला आता खरंच होत नाही गं,” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

“मग सांगा ना त्यांना. उद्याच सांगा.”

“कसं सांगू? आज ते माझ्या पाया पडलेत.”

सरोजने त्यांच्या पायांतल्या चपला काढल्या आणि सकाळची सुई उकळायला पातेलं ठेवलं.