बाबाचा खोकला मशीननं ऐकला नाही, पाहिला

दोस्तहो, मी इकडं सुरतच्या मिलमध्ये, अन् दुपारी आमच्या सावरगावहून आशाताईंचा, म्हणजे गावच्या आरोग्यवाल्या ताईंचा, फोन आला.

माझे बाबा पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. कोणत्याही डॉक्टरले सांगतात, "कापसाच्या धुळीचा खोकला आहे." डॉक्टर खोकल्याच्या औषधाची बाटली देतात, बाबा घरी येतात.

ताई म्हणाल्या, आज गावात तपासणीचं शिबिर होतं. एआयवाल्या मशीननं बाबाले काही विचारलंच नाही. छातीचा एक्स-रे फोटो काढला, फुप्फुसावर डाग दाखवला. टीबीसाठी थुंकी तपासा लागते म्हणे, पण बाबा द्यायले तयार नाहीत.

मी बाबाले फोन लावला तं म्हणाले, "मशीन काय डॉक्टर होय काय बे?"

"तुमी थुंकी द्यायले नाही गेले तं मी आजच गाडीत बसतो."

"येऊ नको, जातो."

संध्याकाळी थुंकीची डबी देऊन आले. रिपोर्ट यायचा आहे.

सहा महिने मीच फोनवर तो खोकला ऐकून राहिलो होतो, अन् धूळच समजत होतो. तुमच्या घरी कोणी खोकलत असंल, तर त्याचं कारण कोणी सांगितलं, डॉक्टरनं का त्यांनीच?