डीपीवरची कवटी

चित्र पुरं झालं की पेंटरकाका वीस पावलं मागं जायचे आणि काहीच ठाऊक नसल्यासारखे पुन्हा विजेच्या डीपीकडे चालत यायचे. मध्येच थबकायचे. "थांबलो बा मी," म्हणायचे. "आता कोनीबी थांबते."

मी वीज दफ्तरात कारकून. जैनथ-बेल्याकडच्या डीपीच्या पेट्यांवर धोक्याची कवटी काढायचं काम मी त्यांना द्यायचो. आता कवटी म्हणजे काय, दोन भोकं आणि दात! पण काकांची कवटी बघून बाया तोंडाला पदर लावायच्या. जबडा वाकडा, उघडा, हाक मारता मारता राहून गेल्यासारखा. एका म्हातारीनं तर तिला कुंकू लावून नारळ फोडला. काका असे चिडले! "पाया नोको पडू माय, दूर राह्य!"

एवढं भेसूर माणसाला सुचतं कुठून, हे तुम्हीही विचारलं असतंत. मी टपरीवर चहा पिता पिता विचारलं, तेही दात काढत, "काका, सपनात येते काय हो?"

"घरचीच हाय," ते म्हणाले. "माहा मोठा भाऊ. बेल्याच्या रस्त्यावर खांबावर चढला होता. लाइन बंद हाय म्हने. मी खाली दोर धरून उभा. त्यानं माह्याकडं पाह्यलं, मले हाक माराले तोंड उघडलं..." बशीतला चहा निवून गेला. "फोटो नाई त्याचा एकबी. मंग हेच काढून राह्यलो."

माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

पुढं वरून हुकूम आला: जुनी चित्रं पुसा, छापील स्टिकर लावा. आणि पुसायचं काम मी काकांनाच दिलं. सगळं ठाऊक असून! दुसरा माणूस शोधायचा कंटाळा, दुसरं काय.

"साहेब, बेल्याच्या रस्त्यावरची तेवढी राहू द्या," ते म्हणाले.

"मले काऊन गोत्यात आनता काका? परवा मोठ्या साहेबाचा दौरा हाय."

"बराबर हाय," एवढंच म्हणाले आणि गेले. अरे, एकदा भांडायचं तरी होतं माझ्याशी!

दौऱ्यावर आलेले साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत.

काका त्यानंतर दफ्तरात फिरकले नाहीत. मंचेरियलला लेकीकडे गेले आणि तिथंच वारले, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. कळलं तसा मोटरसायकल काढून थेट बेल्याच्या रस्त्यावर गेलो. स्टिकरवरची कवटी गोल, गोजिरवाणी. डीपीच्या खांबाला कुणीतरी शेळी बांधली होती. तिला सोडून लांब झाडाला बांधलं.

मग नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. वाटलं, घाईघाईत वरून रंग फासला असेल, खाली जबड्याची एखादी रेघ तरी सापडेल. हळूहळू सगळा स्टिकर सोलला.

खाली काहीच नव्हतं. मी सांगितलेलं काम काकांनी चोख केलं होतं. पॉलिश पेपरनं पार लोखंडापर्यंत घासून.