मायच्या ताटातली भाकर

मोहगावजवळच्या वस्तीतून दादानं मायला पांढुर्ण्याच्या क्वार्टरवर आणलं, तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. बाप लवकर गेला. मायनं कापूस वेचून, संत्र्याच्या बागांत राबून आम्हाला वाढवलं. दादा सरकारी बाबू झाला आणि त्यानं ठरवून टाकलं, की मायनं आता उन्हात पाऊल टाकायचं नाही. एवढ्यावरच थांबला असता तर ठीक होतं. पण ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी यांनाही त्यानं घरात बंदी केली. ते मजुरीच्या दिवसांचं खाणं! बाबूच्या मायच्या ताटात गव्हाची पोळी, बटाट्याची भाजी आणि वर शिरा. चहा तर नुसता पाक.

मला सौंसरला दिलेलं. वर्षभरानं भेटायला गेले, तर माय पलंगावर बसलेली, पाय सुजलेले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कोनाची व तू, बाई?"

मायची मोठी बहीण अशीच सगळं विसरत गेली होती. शेवटी शेवटी तिगावच्या स्टेशनावर जाऊन बसायची, पोटच्या पोरालाही ओळखायची नाही. वहिनी हळूच म्हणाली, की माय रात्रभर जागते, जेवली तरी पुन्हा जेवण मागते. दादा उखडला. "म्हातारपन हाय, दुसरं काय! मी तं काहीच कमी पडू नाही देऊन राहिलो."

तापटपणात मीही त्याचीच बहीण. भांडभांड भांडले आणि मायला डॉक्टरकडे न्यायला लावलं.

डॉक्टर म्हातारे आणि तुसडे. रक्तदाब वाढलेला निघाला, त्याची गोळी दिली. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर करतात काय या?"

"काहीच नाही करू देत आम्ही," दादा अभिमानानं म्हणाला.

"बोलतं कोन यांच्याशी?"

दादा वहिनीकडे बघायला लागला.

"निस्त्या गोळीनं होत नाही. साखर, लोणचं, पापड कमी करा. आधी जे खात होत्या ते द्या. सकाळी पायी फिरवा, चार बायांत बसवा. डोकंही बसून बसून आखडते. फरक पडंल असं वाटते, पन मी वचन नाही देत."

दादाचं तोंड उतरलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "लोकं म्हनतील, बाबू झाला अन् मायले भाकर चारून राहिला."

"म्हनू द्या," वहिनी म्हणाली आणि पिशवी घेऊन सरळ ज्वारी आणायला गेली. त्या दिवसापासून ती मला सख्ख्या बहिणीहून जवळची झाली.

मी सौंसरला परतले. सासरी संत्र्याची तोड सुरू झाली, त्यामुळे मला पुन्हा निघता येईना. बसच्या कंडक्टरकडून वहिनीचा निरोप यायचा, "बरं हाय." बरं म्हणजे किती बरं, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! माझा जीव टांगणीलाच होता.

तोड आटोपल्यावर एका सकाळी पांढुर्ण्याला उतरले. क्वार्टरला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बुद्धविहारात पाहा. विहाराच्या ओट्यावर बाया अंबाडी निवडत बसल्या होत्या. मी अजून रस्त्यातच होते, एवढ्यात मायचा खणखणीत आवाज आला.

"पाहा व, माही पोरगी येऊन राहिली! लहानपनापासून अशीच पाय घासत चालते, किती मारलं तरी सुधरली नाही!"

सगळ्या बाया हसल्या. मी भर रस्त्यात रडायला लागले, आणि आणखी जोरात पाय घासत चालत सुटले.