गाऱ्हाण्यातलं पहिलं नाव

नववीत शाळा सोडून मी लातूरहून मालवणला आलो. इथल्या प्राचार्यांनी कॉलेजात हंगामी शिपाई म्हणून ठेवलं. पुढे प्राचार्य आणि प्राध्यापकांच्या संघटना मिळून महासंघ करायचं ठरलं. मला कायम करा, असं पत्र तो महासंघ संस्थाचालकांना देणार होता.

बैठकीआधी नारळ ठेवला, पण देवाला गाऱ्हाणं, म्हणजे इथलं साकडं, घालताना आधी नाव कुणाच्या संघटनेचं, यावरच भांडण पेटलं.

"तुमची संघटना पगारवाढीपुरती जागी होते," प्राचार्य म्हणाले.

"आणि तुमी संस्थाचालकांचे हुजरे," प्राध्यापकांचे अध्यक्ष म्हणाले. "तुमचा नाव आधी कित्याक?"

मी भीत भीत म्हणालो, "साहेब, देवाला दोन्ही सारखेच ना?"

"नववीवाल्यान आमका शिकवूचा नाय," अध्यक्ष म्हणाले. प्राचार्यांनी मान डोलावली. तेवढंच त्यांचं जमलं.

महासंघ झालाच नाही, पत्रही नाही; मी अजून हंगामीच आहे. प्राचार्यांचे उपकार मानतो, पण त्यांना चहा नेताना राग येतो.