कोरडा वस्तरा

बाळांनो, धाकट्याने कानामागच्या गुळगुळीत चकतीचा फोटो पाठवला आणि विचारलं, "आजी, आपल्यात आणखी कुणाला होतं का?" याचं उत्तर मी फार वर्षं दडवून ठेवलं आहे.

माझ्या वडिलांच्या डोक्यावर मी कधी केस पाहिले नाहीत. इब्रामपूरला दर सोमवारी न्हावी यायचा आणि ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्यांचं डोकं भादरायचा. घरात सांगत, नवस आहे. वडील गेले. बाराव्याला म्हाताऱ्या न्हाव्याने मला परसात गाठलं. "बाये, आता सांगूक हरकत नाय. तीस वर्सां मी कोरडो वस्तरो फिरयत होतंय. थंय एक केस नाय होतो. सगळी चाई."

मी कुणाजवळ बोलले नाही. धाकट्या बहिणीचं लग्न जुळत होतं.

पुढे तुमच्या बाबाला कॉलेजात असताना चाई लागली, केस जाऊन डोक्यावर तशाच चकत्या पडल्या. म्हापशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात कुणाला?" सासूबाई शेजारीच होत्या. "आमच्यात असला काय नाय हां. हिच्या म्हायारचा हिकाच विचारा."

मी नाही म्हटलं. शिकलेल्या बाईने.

डॉक्टरांनी समजावलं, शरीराची राखण करणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांवर उलटतात. तो कल रक्तातून येऊ शकतो, पण घरात सगळ्यांनाच होतं असं नाही. मी मान डोलावली. खरं सांगून केस परत आले असते, असंही नाही. पण घरी लसणाचा रस सुरू झाला, आणि बोलणी. जागतो म्हणून, जेवत नाही म्हणून, काळजी करतो म्हणून. भुवया गेल्या तेव्हा त्याने खोलीतला आरसा उतरवला. आपणच काहीतरी चुकलो, असं तो मानत आला. मी मानू दिलं.

परवा त्याला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "आजोबांना भुवया होत्या?"

"नव्हत्या. ती जागा झाकायला जाड फ्रेमचा चष्मा घालत."

"आणि तुला ठाऊक होतं."

धाकट्या, हे पान तुझ्या डॉक्टरांना दाखव. पणजोबा, बाबा, तू. तुझं काही चुकलेलं नाही. हेच तुझ्या बाबालाही म्हणायला गेले होते. तो टोपी घालून धारगळच्या बसने निघून गेला. काल परतला. अजून माझ्याशी बोललेला नाही.